पिवळी राहिलेली पट्टी

जानेवारीतल्या एका सोमवारी आठवीतली एक मुलगी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत माती बांधून घेऊन आली. आदल्या शुक्रवारी आम्ही प्रयोगशाळेत हळदीच्या पट्ट्या केल्या होत्या. गाळण कागद हळदीच्या दाट पाण्यात बुडवून सावलीत वाळवला होता, कात्रीने बोटभर रुंदीचे तुकडे कापले होते, आणि साबणाच्या पाण्यात, चुन्याच्या निवळीत, धुण्याच्या सोड्यात ते तुकडे एकामागून एक लाल होत गेले तेव्हा वर्गात जो गलका झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत पोचला होता. त्या गलक्यात ही मुलगी गप्प होती. सोमवारी मात्र ती तास सुरू व्हायच्या आधीच टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ही आमच्या रानातली माती. हिला पट्टी लावून बघूया का?" मला मनापासून आनंद झाला. पुस्तकातल्या प्रयोगाला आपल्या घरचा प्रश्न जोडणारे मूल वर्षात एखादेच भेटते. काळी माती होती, वरच्या ढेकळांवर पिठाची बोटे पुसल्यासारखी पांढरट झाक होती. चंचुपात्रात ऊर्ध्वपातित पाणी घेऊन आम्ही ती कालवली आणि ठेवून दिली. गाळ पाहता पाहता तळाशी बसला आणि वरचे पाणी नितळ झाले, याचेही मला बरेच वाटले. मुलीने पट्टी बुडवली. ती पिवळी होती, पिवळीच राहिली. मी म्हणाले, "रंग बदलला नाही, म्हणजे तुमच्या जमिनीत खार नाही. जमीन चांगली आहे."

या वाक्याने मला नंतर फार दिवस झोपू दिले नाही.

हळदीवर माझा विश्वास लहानपणापासूनचा आहे. माझे बालपण सांगलीत गेले. आजोबा मार्केट यार्डात तोलाईचे काम करीत. हंगामात सौदे सुरू झाले की सकाळी पांढरेशुभ्र धोतर नेसून गेलेले आजोबा संध्याकाळी भुवयांपासून टाचांपर्यंत पिवळे होऊन परत येत. राजापुरी हळदीच्या पोत्यांतून उडणारी ती धूळ नाकात गेली की आधी मातीसारखा वास येतो, मग किंचित कडवट, आणि शेवटी घशात एक उष्ण खवखव राहते. हरिपूरला जमिनीच्या पोटात खणलेल्या पेवांत ही हळद साठवत असत. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवे पाण्याखाली जाऊन बाद झाली, त्याची हळहळ आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षे बोलली जात होती. पण मला आठवते ते आजीचे धुणे. मोरीतल्या दगडावर ती आजोबांचे धोतर पसरायची, साबणाची वडी फिरवायची, आणि पिवळे धोतर तिच्या हाताखाली लाल होत जायचे. साबण जिथून गेला तिथून एक तांबडी वाट उमटायची. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा आजोबांना कुठेतरी लागले आहे असे वाटून मी रडले होते. आजीने हसून सांगितले की हळदीला साबणाचा राग येतो. मग तिने दोन बादल्या पाणी ओतून धोतर पिळले, तर राग उतरून पुन्हा फिकट पिवळा रंग आला, आणि दिवसभर उन्हात पडल्यावर तोही बहुतेक निघून गेला. कपड्यावरची हळद उन्हानेच जाते हे आजीला पक्के ठाऊक होते. हळदीतला रंग देणारा पदार्थ, कुरकुमिन, प्रकाशात हळूहळू मोडतो, हे मी फार नंतर वाचले.

तशीच दुसरी आठवण मुक्या माराची. खेळताना घोटा मुरगळला की आजी पळीत हळद घ्यायची, पानाच्या डब्यातला बोटभर चुना त्यात मिसळायची आणि पळी चुलीवर धरायची. पिवळी हळद आणि पांढरा चुना एकत्र आल्यावर मधला एखादा रंग यायला हवा, पण पळीत उठायचा तो गर्द विटकरी. तो ऊन ऊन लेप घोट्यावर बसला की आतले साकळलेले रक्त ओढले जाऊन बाहेर आले आहे अशी माझी समजूत व्हायची. रंगाने आपल्याला काहीतरी सांगितले आहे आणि ते खरेच असणार, ही भावना त्या वयात मनात इतकी खोल बसली की पुढे विज्ञान शिकवायला लागल्यावरही ती निघाली नाही. कुंकवाचेही तसेच. हळकुंडावर टाकणखार आणि लिंबाच्या रसाची क्रिया करून पारंपरिक कुंकू होते हे कळले, तेव्हा देव्हाऱ्यासमोरच्या कोयरीतल्या दोन वाट्या मला एकाच घरातल्या दोन बहिणींसारख्या वाटल्या होत्या.

वर्गात मी हे सगळे जरा शिस्तीत सांगते. कुरकुमिनच्या रेणूवर सहज सुटू शकणारे हायड्रोजन असतात. पाण्यात आम्लारी, म्हणजे साबण-चुन्यासारखा आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, असली की ती हा हायड्रोजन प्रोटॉनच्या रूपात काढून घेते, मग त्या लांबट रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि तो प्रकाशाचा वेगळा भाग शोषू लागतो. आपल्याला दिसणारा रंग हा शोषून उरलेला प्रकाश असतो, म्हणून पिवळ्याच्या जागी तांबडा दिसतो. आम्ल घातले तर प्रोटॉन परत मिळतो आणि पिवळा परत येतो. आजीच्या दोन बादल्या पाण्याने साबण निघून जाऊन हेच घडत होते. हा बदल सामू (आम्ल-आम्लारीचे माप, pH; ७ म्हणजे ना आम्ल ना आम्लारी) साधारण ७.४ असताना सुरू होतो आणि ८.६ च्या आसपास पुरा होतो. मधल्या पट्ट्यात रंग इतका हळू सरकतो की डोळ्याला तो पकडता येत नाही. आणि ७ च्या खाली, लिंबाच्या रसापर्यंत, व्हिनेगरपर्यंत, हळद एकच रंग दाखवते. साधे पाणी आणि लिंबाचा रस यांत तिला फरकच दिसत नाही. हे वाक्य मी फळ्यावर दरवर्षी लिहीत आले आहे. लिहिणे आणि ते आपल्याला लागू करणे यांत मात्र फार अंतर असते.

हळदीतली भेसळ ओळखण्याचा एक प्रयोग आहे, तो मला या संदर्भात नेहमी आठवतो. मेटॅनिल यलो नावाचा एक कृत्रिम रंग आहे, खाद्यपदार्थांत त्याला आपल्याकडे बंदी आहे, पण दिसायला तो हळदीइतकाच पिवळा असल्याने काही लोक तो हळदीत मिसळतात. हळदीच्या पाण्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की गुलाबी रंग येतो. शुद्ध हळद असेल तर पाणी वाढवताच तो मावळतो, मेटॅनिल यलो असेल तर तो टिकून राहतो. म्हणजे हा भेसळीचा रंगसुद्धा एक दर्शकच, रंग बदलून आम्ल-आम्लारी दाखवणारा पदार्थच, आहे, फक्त त्याची सीमा आम्लाच्या खोल टोकाला आहे आणि हळदीची आम्लारीच्या उंबरठ्यावर. दोघांचा पिवळा डोळ्याला सारखा, पण त्यांना विचारायचे प्रश्न अगदी वेगळे. एकाच्या पिवळेपणावरून दुसऱ्याबद्दल काही म्हणता येत नाही.

रंगांना प्रश्न विचारण्याची ही रीत कधीची, याची मला पूर्वीपासून उत्सुकता आहे. रंगाऱ्यांना आणि स्वयंपाकघराला ती केव्हापासूनच माहीत असणार, पण लिहून ठेवलेल्या पद्धतशीर प्रयोगांत रॉबर्ट बॉइल यांचे नाव पुढे येते. १६६४ मध्ये त्यांनी रंगांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. व्हायोलेटच्या निळ्या फुलांचा पाक, जो तेव्हा औषध म्हणून सहज मिळत असे, आम्लाने लाल आणि अल्कलीने, म्हणजे आम्लारीने, हिरवा होतो हे त्यांनी नोंदवले आणि पदार्थांची वर्गवारी करायला त्याचा उपयोग केला. आमच्या शाळेत व्हायोलेट नाही, पण कुंपणाला लाल जास्वंद आहे. पाकळी कागदावर घासली की जांभळट डाग उठतो, त्यावर लिंबाचा थेंब टाकला की तो गुलाबी लाल होतो आणि चुन्याची निवळी टाकली की हिरवा. कोकमाच्या आगळालाही, म्हणजे त्याच्या आंबट रसालाही, हेच येते. सोलकढीच्या गुलाबी रंगामागे आगळातले आम्ल आहे. त्या आगळात खाण्याचा सोडा घातला, तर गुलाबी विझून निळसर काळपट होतो आणि कोकणातल्या माणसाला ते बघवत नाही. जास्वंद आणि कोकम यांना आम्लही कळते, आम्लारीही कळते. तीव्र आम्ल सोडले, तर हळदीला एकच बाजू कळते. त्या सोमवारी कुंपणावर जास्वंद फुलली होती आणि मी दहा पावले चालून एक फूल तोडून आणले नाही, याची रुखरुख मला अजून आहे. जास्वंदीनेही मला खरी गोष्ट सांगितली नसती, पण निदान मी एकाच साक्षीदारावर निकाल दिला नसता.

लिटमसची जन्मकथा तर आपल्या मसाल्याच्या डब्याशेजारून जाते. गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो ते फूल नव्हेच, ती शैवाल आणि बुरशी यांनी एकत्र थाटलेल्या संसाराची, लायकेनची, वाळकी पाने असतात. लिटमस हाही लायकेनचाच रंग, फक्त जाती वेगळ्या, समुद्रकाठच्या खडकांवर वाढणाऱ्या. ते दळून, पूर्वी शिळ्या मूत्रातल्या अमोनियासह, पोटॅश आणि चुन्यात आठवडेच्या आठवडे आंबवले की निळा रंग सुटत असे. हॉलंडमध्ये हा धंदा फार चालला. मी वर्गात दगडफुलाची चिमूट फिरवते आणि मुले वास घेतात. काळ्या रश्श्याचा वास आणि निळी पट्टी यांचे नाते कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे येते, त्यासाठी मला शिकवायला आवडते.

आणि फिनॉल्फथॅलीन, आम्लारीत गुलाबी होणारा दर्शक. कॉलेजात असताना ब्युरेटखाली शंकुपात्र हलवत मी कितीतरी दुपारी घालवल्या. थेंब पडतो, गुलाबी भोवरा उठतो, हलवले की विरतो. आणखी एक थेंब, पुन्हा विरतो. आणि मग अर्ध्या थेंबाने सगळे पाणी इतके फिकट गुलाबी होते की खाली पांढरा कागद धरल्याशिवाय खात्री पटत नाही. आमचे प्राध्यापक म्हणत, अर्धा मिनिट टिकला तर लिहा, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरून तो रंग पुन्हा पुसतो. सुमारे ८.२ च्या खाली हा दर्शक रंगहीन असतो. फार तीव्र अल्कलीत तो पुन्हा रंगहीन होतो, हे मी एकदा सोडियम हायड्रॉक्साइडचे दाट द्रावण वापरताना पाहिले आणि गोंधळून गेले. दोन्ही टोकांना तेच स्वच्छ पाणी दिसते आणि त्या स्वच्छतेची कारणे मात्र परस्परांच्या विरुद्ध असतात.

याच फिनॉल्फथॅलीनचा आणखी एक उपयोग मी दोन वर्षांपूर्वी आमच्या जुन्या इमारतीची तपासणी झाली तेव्हा पाहिला. अभियंत्याने खांबाचा एक कोपरा फोडून ताज्या काँक्रीटवर फवारा मारला. आतला भाग क्षणात गडद गुलाबी झाला आणि बाहेरची दोन बोटे जाडीची कड करडीच राहिली. काँक्रीट मुळात चांगलेच आम्लारीधर्मी असते, त्यामुळे आतली लोखंडी सळई गंजण्यापासून वाचते. वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत गेला की ती आम्लारी संपते. जिथे गुलाबी उमटला नाही तिथपर्यंत हवा पोचली होती. तिथे रंग न येणे हेच उत्तर होते, आणि ते उत्तर मानता येत होते, कारण शेजारीच, त्याच दगडात, त्याच फवाऱ्याने गुलाबी रंग उमटलेला दिसत होता. माझ्या सोमवारच्या प्रयोगात शेजारी काहीच नव्हते. चुन्याच्या निवळीत बुडवलेली दुसरी पट्टी नव्हती, ओळखीच्या चोपण, म्हणजे सोडियम साठून आम्लारीधर्मी झालेल्या, जमिनीची माती नव्हती. एक पट्टी, एक चंचुपात्र आणि माझा आत्मविश्वास, एवढेच होते.

एप्रिलच्या पालकसभेला त्या मुलीचे वडील आले. सभा संपल्यावर थांबले आणि शर्टाच्या खिशातून घडी घातलेली मृदा आरोग्य पत्रिका काढून माझ्यापुढे ठेवली. सामू ७.८. त्याच्याखालच्या ओळीत विद्युत वाहकता, जिच्यावरून विरघळलेले क्षार कळतात, आणि तिच्यापुढे जमीन क्षारयुक्त असल्याचा शेरा. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तो असता तर मला सोपे गेले असते. ते म्हणाले, "बाई, पोरगी त्या दिवशी घरी आली नि म्हणाली, आपली जमीन चांगली हाय. मी म्हणलं, अगं, जिभेला खारट लागतीया माती. तर म्हणाली, दादा, बाईंनी प्रयोग करून बघितलाय, तुमची जीभ काय प्रयोग हाय का?" हे सांगताना ते कौतुकाने हसत होते. लेक बापाला उलटून बोलली याचेही त्यांना कौतुकच होते.

मला हसता आले नाही.

आमच्याकडच्या क्षारपड जमिनींची गोष्ट इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. कृष्णा-वारणेच्या काठच्या काळ्या भारी जमिनीत उसाला वर्षानुवर्षे भरपूर पाणी दिले गेले, निचऱ्याची सोय झाली नाही, भूजल वर आले आणि त्याच्यासोबत खोलवरचे क्षार वर आले. उन्हाने पाणी उडून गेले, क्षार मागे राहिले. पण या जमिनी सगळ्या एका जातीच्या नसतात. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, सामू ८.५ च्या वर जातो, तिथे जिप्सम घालावे लागते. नुसत्या क्षारयुक्त जमिनीत क्लोराइड आणि सल्फेटसारखे विरघळणारे क्षार साठतात. त्यातले बहुतेक ना आम्ल ना आम्लारी. हळद, जास्वंद, लिटमस, कोणालाही ते दिसत नाहीत, जसे समुद्राच्या पाण्यातले मीठ त्यांना दिसत नाही. तिथे उपाय म्हणजे खोल चर, सच्छिद्र पाइप आणि चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणे. म्हणजे पट्टी खोटे बोलली नव्हती. ही जमीन चोपण नाही, जिप्समच्या पोत्यांवर पैसे घालू नका, एवढे ती बरोबर सांगत होती. त्यापुढचे "जमीन चांगली आहे" हे माझे होते. आणि झटकन नितळलेले ते पाणी, ज्याने मला बरे वाटले होते, तेही एक उत्तर होते. चोपण मातीचे कण पाण्यात तरंगत राहतात, गढूळपणा तासन्‌तास हटत नाही. विरघळलेले क्षार भरपूर असले की मातीचे कण एकमेकांना धरून पटकन खाली बसतात. डोळ्यांसमोर ते घडत होते आणि मी ते वाचले नाही, कारण माझे सगळे लक्ष रंगाकडे होते.

प्रयोगशाळेत कोणतीही वस्तू चाखायची नाही, हा नियम मी जूनच्या पहिल्या तासाला सांगते, आणि तो योग्यच आहे. पण त्या नियमाबरोबर, जीभ हे कमी प्रतीचे साधन आहे असेही मी न बोलता शिकवत आले असणार, नाहीतर त्या मुलीच्या तोंडी ते वाक्य आले नसते. ज्या माणसाने वीस वर्षे त्या मातीत पाय रोवले त्याची जीभ हरली होती आणि माझी बोटभर पट्टी जिंकली होती. तो हिशेब मला कसाही मांडला तरी जमत नव्हता.

मे महिन्यात, सुट्टी लागल्यावर, मी त्यांच्या रानात गेले. दुपार कलली होती. वावराच्या एका कोपऱ्यात लागणीचा ऊस तुटक उगवला होता, मधल्या मोकळ्या जागा पांढुरक्या दिसत होत्या आणि पायाखाली पापुद्रा हलका मोडत होता. बांधाकडून खोल चर काढायचे काम सुरू झाले होते. तिच्या आईने उसाच्या पाचटावर बसायला पोते टाकले. मी सोबत हळदीच्या पट्ट्या, चुन्याच्या निवळीची छोटी बाटली, ऊर्ध्वपातित पाणी आणि स्टीलच्या दोन ताटल्या नेल्या होत्या. आम्ही माती पाण्यात कालवली, गाळली, आणि ते नितळ पाणी एका ताटलीत ओतले. दुसऱ्या ताटलीत नुसते ऊर्ध्वपातित पाणी. दोन्ही बांधावर उन्हात ठेवल्या. मी मुलीला तिच्या वडिलांदेखत सांगितले की त्या दिवशी मी चुकीचे बोलले होते, आणि नेमके कुठे चुकले तेही सांगितले. ती खाली बघत ऐकत होती. वडील म्हणाले, "जाऊ द्या की बाई." मी जाऊ दिले नाही, पुरते सांगितले.

मेच्या उन्हात पाणी लवकर उडाले. एक ताटली कोरडी झाली. दुसरीत आधी कडेला आणि मग सगळ्या तळाला पांढरी खरखरीत साय धरली. मुलीने एक पट्टी निवळीत बुडवली, ती लाल झाली. दुसरी तिने उरलेल्या मातीच्या पाण्यात बुडवली, ती पिवळी राहिली. दोन्ही पट्ट्या तिने तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि वडिलांकडे पाहिले. त्यांनी ताटलीच्या कडेवर बोट फिरवून ते जिभेला लावले आणि काही न बोलता ताटली तिच्यापुढे धरली. तिने माझ्याकडे पाहिले. मी आधी माझे बोट त्या पांढऱ्यावर टेकवले आणि चाखले, मग तिने. खारट होते, मागून जरा कडू. ती थुंकली, ओढणीने तोंड पुसले आणि वही उघडून लिहायला बसली.